आबा एवढे जाड कधी झाले?

घरातल्या जुन्या एचडी टीव्हीवर माणसं फुगतात, लांबतात, नाहीतर त्यांचं डोकंच उडतं. दोष टीव्हीचा की आपला? एका लग्नाच्या कॅसेटने मला कामाला लावलं, त्याची ही गोष्ट.

दिवाळीत लातूरला आजोळी गेले होते. जेवणं आटोपली, फराळाची ताटं फिरली आणि मामाने जाहीर केलं, ‘चला, लग्नाची कॅसेट लावू!’

कॅसेट आपलं म्हणायचं. १९९६ सालच्या मामा-मामीच्या लग्नाची व्हीएचएस कधीच कपाटात गेली. तिची आधी डीव्हीडी झाली, डीव्हीडी अडकायला लागली तेव्हा पेन ड्राइव्ह झाला. तो पेन ड्राइव्ह आज्जीच्या खोलीतल्या टीव्हीला लागला. हा टीव्ही म्हणजे २०११च्या वर्ल्ड कपसाठी हौसेनं आणलेला ३२ इंची ‘एचडी रेडी’. हॉलमध्ये स्मार्ट टीव्ही आला आणि याची बदली आज्जीच्या खोलीत झाली. प्रत्येक घरात होते तशीच.

सनई सुरू झाली. मांडव, केळीचे खुंट, अक्षता वाटणारी पोरं, आणि मग फेटा बांधलेले आबा हसत हसत समोर आले. आम्ही भावंडं ओरडलो. आज्जी मात्र खिडकीबाहेर बघत बसली.

‘आज्जी, बघ ना गं, आबा!’

‘काय बघू? ते न्हाईतच हे,’ आज्जी म्हणाली. ‘आसे जाड कधी होते गं तुझे आबा? कोन्या दुसऱ्याच मानसावानी दिसायलेत.’

मामा हळूच म्हणाला, ‘मोतीबिंदू आहे तिला. शिवाय मन भरून येतं, म्हणून बघत नाही ती.’

पण मी स्क्रीनकडे नीट पाहिलं. आज्जीचं बरोबर होतं! आबा काटकुळे होते. सायकलवरून रोज शेतात जाणारा माणूस. टीव्हीवरचे आबा म्हणजे कुठल्या तरी पतसंस्थेचे चेअरमन वाटत होते. मामीचा चेहरा भाकरीसारखा पसरलेला, नवरदेवाचा घोडा लांबून डॅशहाउंड झालेला. आणि आबांना जाऊन वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. हलणारे, बोलणारे आबा फक्त या एका रेकॉर्डिंगमध्ये आहेत. तेच आम्ही इतकी वर्षं ताणून बघत होतो आणि आज्जीलाच मोतीबिंदू आहे म्हणत होतो.

रिमोटवरचं ‘रेशो’चं बटण दाबलं. टीव्ही म्हणाला, ही सुविधा उपलब्ध नाही. झालं. त्या रात्री आबा जाडच राहिले.

दोन आकारांचं भांडण

नांदेडला परतताना एसटीत लोहा येईपर्यंत फोनवर हेच वाचत होते. फंडा तसा सोपा आहे. जुना डबा टीव्ही ४:३ आकाराचा, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन. आपल्या भिंतीवरचा चपटा टीव्ही १६:९. चार-तीनचं चित्र सोळा-नऊच्या चौकटीत बसवायचं, तर तीनच वाटा आहेत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडा, चित्र आडवं ताणा, नाहीतर वरचं-खालचं कापून टाका. ताणलंत तर प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. कापलंत तर चित्राचा एक चतुर्थांश भाग जातो, निम्मा वरून आणि निम्मा खालून. वरचा कापला की फेटे जातात, खालचा कापला की जेवणावळीतली पानं.

आणि आपल्या घराघरांत काय चालतं? ताणतात. का? तर काळ्या पट्ट्या दिसल्या की आपल्याला वाटतं पैसे वाया गेले. ‘बत्तीस इंची घेतलाय, पूर्ण भरून दिसला पाहिजे.’ ताट भरलेलं हवं तसा स्क्रीनही भरलेला हवा. हिशोबच करायचा तर असा करा: ३२ इंची टीव्ही साधारण २८ इंच रुंद आणि पावणेसोळा इंच उंच असतो. त्यात ४:३चं चित्र पट्ट्या सोडून दाखवलं तरी ते २१ इंच रुंद दिसतं. तिरकं मोजलं तर २६ इंच. म्हणजे पट्ट्यांसकटही ते जुन्या २१ इंची डब्यापेक्षा चांगलंच मोठं आहे. गेलं काय मग? काहीच नाही.

हे दोन आकार आले कुठून, हेही इंटरेस्टिंग आहे. चार-तीन हा सिनेमाचाच जन्माचा आकार. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने १८९०च्या दशकात ३५ मिलिमीटरची फिल्म वापरात आणली, तिची चौकट साधारण याच मापाची होती. टीव्हीने पुढे तोच आकार उचलला. टीव्हीमुळे थिएटर ओस पडायला लागली, तेव्हा हॉलिवूडने घरी मिळणार नाही असं काहीतरी द्यायचं ठरवलं. १९५३ साली ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला, उंचीच्या अडीचपट रुंदीचा. गंमत म्हणजे त्याच १९५३ साली आपल्याकडे आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला, जवळजवळ चौकोनी, कृष्णधवल. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा हाच चित्रपट. भारताचा पहिला सिनेमास्कोप, गुरुदत्तचा ‘कागज के फूल’, १९५९ साली आला.

मग १६:९ मध्येच कुठून टपकलं? १९८०च्या दशकात एचडी टीव्हीचा आकार ठरवायचा होता, तेव्हा कर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने सगळ्या प्रचलित आकारांच्या चौकटी सारख्या क्षेत्रफळाच्या काढून एकमेकींवर ठेवल्या. सगळ्यांना सामावून घेणारा मधला आकार निघाला तो हा. म्हणजे १६:९ ही तडजोड आहे. वाटणीत सगळ्या भावांना थोडं थोडं कमी मिळतं, तशी. म्हणून तर जुनी मालिका लावली की बाजूला पट्ट्या, आणि स्कोप सिनेमा लावला की वर-खाली पट्ट्या. त्याच ३२ इंची टीव्हीवर स्कोप सिनेमा जेमतेम १२ इंच उंच दिसतो. तिथे झूम मारून पट्ट्या घालवल्या, तर रुंदीचा जवळपास पाव हिस्सा गायब. एका टोकाला नायक, दुसऱ्या टोकाला नायिका आणि मध्ये अबोला, असा शॉट असेल तर मध्ये फक्त अबोला उरतो.

कुंकू गोल दिसतंय का?

नांदेडला माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्येही असाच एक म्हातारा टीव्ही आहे. ऑफिसातल्या सीनिअरने घर बदलताना स्वस्तात दिलेला, फुल एचडी. पुढचे दोन वीकएंड मी त्याच्यावर प्रयोग केले. रूममेटने मला वेड्यात काढलं, पण असो.

पहिली गोष्ट कळली ती ही: बहुतेक वेळा चित्राला हात लावणारे दोघं असतात. एक सेट टॉप बॉक्स आणि दुसरा टीव्ही. दोघांनाही वाटतं आकार ठरवणं हे आपलं काम. एक चित्र ताणतो, दुसरा दाबतो. कधी दोघंही पट्ट्या टाकतात आणि माणसं पापडासारखी बारीक होतात. आपण रिमोट फिरवत बसतो, तोही टीव्हीचाच. बॉक्सच्या मेन्यूत कुणी जातच नाही, कारण तो केबलवाल्याने एकदा लावून दिलेला असतो. २०१२ ते २०१७ या काळात केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली आणि घरोघरी बॉक्स आले. तेव्हा अनेक घरांत डबा टीव्हीच होता, म्हणून बॉक्सचं सेटिंग ४:३वर ठेवलं गेलं. नंतर टीव्ही बदलला, बॉक्स तोच राहिला. तुमच्याकडेही तसं असेल, तर आधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीचा प्रकार १६:९ करा. मग टीव्हीचा मोड ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’ करा, तो नसेल तर १६:९ ठेवा. निम्मी घरगुती भांडणं इथेच मिटतात.

लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनच्या वायरीने बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर जोडला असेल, तर टीव्हीची बिचाऱ्याची चूक नाही. साध्या म्हणजे एसडी सिग्नलमध्ये ४:३ असो की १६:९, रेषा आणि ठिपके तेवढेच येतात. चित्रासोबत आकाराची खूण पाठवायची सोय आहे, पण सगळी यंत्रं ती पाठवतात किंवा वाचतात असं नाही. मग टीव्ही अंदाज बांधतो. बरेच टीव्ही एकच अंदाज बांधतात: ताण! इथे रिमोटवरचं बटण तुमच्या कामाचं. कुठे त्याचं नाव रेशो, कुठे पिक्चर साइज, कुठे फॉरमॅट, कुठे वाइड. जुनं काही लागलं की ४:३, नवं लागलं की १६:९, एवढंच. एचडीएमआय वायर असेल तर बॉक्स नेहमी १६:९ची चौकट पाठवतो, पट्ट्या टाकायच्या की ताणायचं हे तोच ठरवतो. त्यामुळे तिथे दुरुस्ती बॉक्समध्ये करायची.

पण चॅनलवाल्यांनीच ताणून पाठवलं असेल तर? होतं असं. रविवारी दुपारी एखादा जुना मराठी सिनेमा लागतो आणि नायिकेचं कपाळावरचं गोल कुंकू आडवं अंड्यासारखं दिसतं. आता कोपऱ्यातल्या चॅनलच्या लोगोकडे बघा. लोगो शेवटी चिकटवतात, सिनेमाच्या वरून. कुंकू लंबगोल पण लोगो ठीकठाक, तर काम चॅनलचं. दोन्ही लंबगोल, तर दोषी तुमच्या घरात आहे. ही टेस्ट मला इतकी आवडली की आता मी लोकांच्या घरी चहा प्यायला गेले तरी आधी लोगो बघते. चॅनलने ताणलं असेल तर टीव्हीचा ४:३ मोड लावून ते परत आवळता येतं. त्या वेळी लोगो बारीक होतो, होऊ दे. चॅनलने वरून-खालून कापलं असेल, तर मात्र तुमच्या हातात काही नाही. जे आलंच नाही ते कुठून आणणार?

झूम हे बटण मी फक्त एकाच वेळी दाबते. कधी कधी चित्राच्या चारही बाजूंनी काळी चौकट दिसते, भिंतीवर पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखी. म्हणजे रुंद चित्र आधी ४:३मध्ये बसवलं आणि मग ते ४:३ परत १६:९मध्ये. स्क्रीनचा फक्त ५६ टक्के भाग वापरला जातो. इथे झूम मारलं की चित्र बरोबर कडेपर्यंत येतं आणि काहीही कापलं जात नाही. बाकी ‘पॅनोरमा’, ‘सुपर झूम’ वगैरे नावांचे स्मार्ट मोड म्हणजे निव्वळ चलाखी आहे. मधला भाग तसाच ठेवतात आणि कडा ताणतात. बातम्या देणारी बाई सडपातळ दिसते, पण कॅमेरा फिरला की माणूस कडेला जाऊन फुगतो, मध्ये येऊन परत बारीक होतो. खालची बातम्यांची पट्टीसुद्धा कडेला पळते आणि मध्ये रेंगाळते. डोकं दुखतं हो.

स्कोअर कुठे गेला?

जुन्या एचडी टीव्हीची आणखी एक खोड म्हणजे ओव्हरस्कॅन. डबा टीव्हीच्या काळात चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून टीव्ही चित्र किंचित मोठं करून कडा झाकायचे. चपट्या टीव्हीला याची काहीच गरज नव्हती, तरी ती सवय पुढे चालत आली. परिणाम? मॅचमध्ये खालच्या पट्टीतला स्कोअर अर्धा कापला जातो. लॅपटॉप जोडला तर टास्कबारच दिसत नाही. माझ्या रूममेटने सहा महिने लॅपटॉप खराब आहे असं समजून काढले!

यावर उपाय पिक्चरच्या मेन्यूत दडलेला असतो. त्याला कुठे ‘जस्ट स्कॅन’ म्हणतात, कुठे ‘स्क्रीन फिट’, कुठे ‘फुल पिक्सेल’, कुठे ‘डॉट बाय डॉट’. काही सेटवर तो फक्त एचडीएमआय चालू असतानाच दिसतो, तर काहींवर एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की ओव्हरस्कॅन आपोआप बंद होतो. ‘एचडी रेडी’वाल्यांनी एक लक्षात ठेवावं. त्या पॅनलचे ठिपके १३६६ गुणिले ७६८ असतात. हे माप ७२०चंही नाही आणि १०८०चंही नाही, त्यामुळे काहीही लावलं तरी टीव्ही ते थोडंफार शिजवूनच वाढतो. लॅपटॉपची अक्षरं जरा भुरकट दिसली तर वायर बदलत बसू नका. आणि कुणाकडे अजून प्लाझ्मा टिकून असेल, तर त्यावर तासन्‌तास ४:३ बघू नये. पट्ट्यांचा डाग स्क्रीनवर बसू शकतो. पट्ट्यांचा रंग काळ्याऐवजी राखाडी करायची सोय काही सेटवर असते, ती यासाठीच.

मोबाइलवर उभा धरून काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावून बघितलाय? ३२ इंचाच्या स्क्रीनवर तो जेमतेम नऊ इंच रुंद दिसतो, बाकी दोन तृतीयांश स्क्रीन काळा. आपली आत्ताची लग्नं आपण अशीच शूट करतोय. पुढच्या पिढीची नातवंडं काय म्हणतील देव जाणे.

पेन ड्राइव्हचं ऑपरेशन

आता आबांकडे येऊ. मामाकडून ती फाईल मागवली आणि लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये उघडली. तिथे ‘ए’ हे अक्षर दाबलं की चित्राचा आकार बदलत जातो. ४:३ आल्याबरोबर आबा आबांसारखे दिसले! म्हणजे टीव्ही निर्दोष होता. डीव्हीडीवरून पेन ड्राइव्ह करून देणाऱ्यानेच चित्र १६:९मध्ये ताणून फाईल केली होती. आत काहीच कापलेलं नव्हतं, ही नशिबाची गोष्ट. ताणलेलं चित्र आवळता येतं, कापलेलं परत शिवता येत नाही.

पहिल्या प्रयत्नात मी फक्त फाईलवर ‘ही ४:३ आहे’ अशी खूण केली. माझ्या लॅपटॉपवर छान चाललं, नांदेडच्या टीव्हीवर परत जाड. जुन्या टीव्हीचे यूएसबी प्लेअर ही खूण वाचतीलच असं नाही. मग फुकटातल्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये १२८० गुणिले ७२०ची चौकट घेतली, चित्र ९६० गुणिले ७२० केलं, दोन्हीकडे १६० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या चित्रातच कायमच्या टाकल्या. आता टीव्हीला ठरवण्यासारखं काही उरलंच नाही. समोर १६:९चीच फाईल आहे, दाखव म्हणावं. दोन तासांच्या लग्नाला माझ्या लॅपटॉपने अख्खी रात्र घेतली, पंखा असा घरघरला की रूममेट उठून बसली. मूळ फाईलही तशीच ठेवली, कधी लागली तर असावी.

तुमच्याही घरात अशा कॅसेट असतील आणि त्या करून घ्यायच्या असतील, तर लवकर घ्या. जगातल्या शेवटच्या मोठ्या व्हीसीआर कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवलं. आहेत ती मशिन जुनीच आहेत. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशिनमध्ये घालू नका, टेपही जाईल आणि हेडही. आधी साफ करून घ्यावी लागते. आणि दुकानात गेल्यावर चहा यायच्या आत सांगा: ४:३मध्येच द्या, स्क्रीन भरून नको. दुकानदार म्हणेल, ‘मॅडम, काळ्या पट्ट्या येतील, कस्टमर ओरडतात.’ म्हणा, येऊ द्या.

मागच्या शनिवारी परत लातूरला गेले. वजिराबादेतून नवा पेन ड्राइव्ह घेतला होता, त्यात तीच फाईल. मामा हसला, ‘पुन्हा तेच लग्न?’ आज्जी पलंगावर वाती वळत बसली होती. मी काही न बोलता लावलं. सनई, मांडव, केळीचे खुंट. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या बघून मामा म्हणाला, ‘अगं, हे अर्धवटच यायलंय की.’

तेवढ्यात आबा आले. फेटा, लांब नाक, गळ्याची ती वर आलेली घाटी.

आज्जीचा हात थांबला. चष्मा वर सरकवून तिने पुढे वाकून पाहिलं.

‘ह्ये हाय का ते,’ ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही. आबा व्याह्यांना मिठी मारून जेवणाच्या मांडवाकडे निघाले, तेव्हा तिने माझ्या हातावर थाप मारली.

‘जरा मागं घे गं. अन् आवाज वाढव.’